ससा, रवंथ आणि विश्वास

नमस्कार श्रोतेहो.

एक गोष्ट आज सरळच सांगतो. पवित्र शास्त्रात चुका आहेत असं मी मानतो, आणि मी ख्रिस्ती आहे. अगदी मनापासून आहे.

भुसावळच्या रेल्वे वस्तीपासून पार नवापूरच्या डोंगरपट्ट्यापर्यंत आपल्या खान्देशात ख्रिस्ती मंडळ्या आहेत. तिथली पोरं शिकायला पुण्या-नाशकाला जातात. तिथं कुणीतरी मोबाईलवर शास्त्रातल्या विसंगतींची यादी पुढे करतं. मत्तय सांगतो, येशूला धरून देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून त्याचं पोट फुटतं. दावीदाने केलेली शिरगणती घ्या. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ती करायला देवाने चिथावलं, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतानाने. इस्राएलाचे लढवय्ये एकीकडे 8 लाख, दुसरीकडे 11 लाख. पोरगं सुट्टीत घरी येतं ते रविवारी अंथरुणातून उठतच नाही. आई रडते, बाप ओरडतो, आणि त्या यादीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मला त्या पोराशी बोलायचंय, आणि त्याच्या आईबापाशीही.

आपण उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो. पित्यावर विश्वास, पुत्रावर विश्वास, पवित्र आत्म्यावर विश्वास. त्यात पुस्तकावर विश्वास ठेवतो असं कुठे म्हणतो आपण? नाही म्हणत. शास्त्राला मान पहिल्यापासून आहे, ते खरं आहे असं जुने आचार्यही मानत आले. पण बिनचूकपणाची मोठी जाहीर सनद निघाली ती 1978 साली, अमेरिकेत शिकागोला. ती काढणारी माणसं श्रद्धावान होती, त्यांचा हेतू चांगला होता. माझं म्हणणं एवढंच, की विश्वास येशूवर आहे आणि पुस्तक त्याची साक्ष देतं. पुन्हा सांगतो: विश्वास येशूवर, पुस्तक त्याची साक्ष.

आता ती सशाची गोष्ट.

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्याही पुढे डोंगराकडे एक वस्ती आहे. फार वर्षांपूर्वी तिथं संजीवन सभा भरली होती. बाहेरून एक प्रचारक आले होते, विद्वान माणूस. दुपारी नागलीची भाकर आणि उडदाची डाळ झाली होती. (नागली आता शहरात पाकिटातून महाग विकतात, आमच्या डोंगरातल्या बायांना तिचा निम्मा भाव तरी मिळायला हवा, हे मी प्रत्येक भाषणात बोलतो आणि यापुढेही बोलणार.) जेवणं झाल्यावर प्रचारकांनी जुन्या करारातल्या लेवीयाचा अकरावा अध्याय काढला. कोणतं जनावर खावं, कोणतं खाऊ नये. वाचता वाचता सशावर आले: ससा रवंथ करतो, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, म्हणून तो अशुद्ध.

मागच्या रांगेतून आवाज आला, "ससा काही रवंथ करस नही."

एक म्हातारे बाबा होते. मुंडासं, कानात बाळी, पुढे काठी आडवी टाकलेली. तरुणपणी रानात फासे लावलेला माणूस. आता कायद्याने ससा धरता येत नाही आणि ते योग्यच आहे, पण त्या पिढीला सशाचं अंग न् अंग माहीत.

प्रचारक हसले. म्हणाले, "बाबा, ससा स्वतःच्या लेंड्या पुन्हा खातो. शास्त्र त्यालाच रवंथ म्हणतं."

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, लेंड्या खातो हे आम्हालाही ठाऊक आहे, पहाटे पाहिलंय. पण गाय खाल्लेला चारा पोटातून परत तोंडात आणते आणि चघळत बसते, त्याला रवंथ म्हणतात. ससा तसं करत नाही. त्याचं नाक सारखं हलतं, जबडा हलतो, म्हणून लांबून तसं वाटतं. आणि पोट कापलं की सगळं कळतं. बकऱ्याची वजडी धुता धुता हात दुखून येतात. सशाच्या पोटात तसलं काही नसतंच.

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. प्रचारकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हणजे देवाचं वचन खोटं, असं म्हणता?"

बाबा म्हणाले, "खोटं कशाला? ज्यानं लिहिलं त्यानं ससा लांबून पाहिला असेल. जसा दिसला तसा लिहिला. खोटं नाही बोलला तो. पण साहेब, मी काही सशासाठी विश्वासात आलो नाही."

मग त्यांनी सांगितलं ते मी तिथं बसून ऐकलंय. त्यांच्या बायकोला मेलेलं मूल झालं होतं. भावकी दारात आली नाही, काहीतरी बाधा आहे म्हणाली. मंडळीतली माणसं आली. त्यांनी खड्डा खणला, पाणी भरलं, चूल पेटवली, रात्री सोबतीला राहिली. त्यातल्या एकाने कंदिलाशी वाचून दाखवलं, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या." बाबांची दारू त्या रात्री सुटली नाही, ती पुढे सावकाश सुटली. पण ते वाक्य त्या रात्रीच आत गेलं.

एवढं बोलून बाबा खाली बसले आणि म्हणाले, "माले येशूनी गोट सांगा."

प्रचारक मोठ्या मनाचे. त्यांनी लेवीय मिटलं आणि मत्तय काढलं. सभा अंधार पडेपर्यंत चालली. शेवटी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं झाली, पेटी आणि ढोलकीवर. हल्ली कीबोर्ड आणि भोंगे लावतात, त्यात टिळकांचा एक शब्द कानावर पडत नाही. पेटी-ढोलकी परत आणा, हे माझं पाळकांना कळकळीचं मागणं आहे.

आता कुणी म्हणेल, सशाचं सोडून दिलं, मग पुनरुत्थानाचं काय? एक चूक कबूल केली की सगळंच गेलं. या भीतीला मी हलकं लेखत नाही. पण प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पहिलं पत्र लिहिलं ते सुमारे इसवी सन 55 साली. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकही बहुतेक तेव्हा लिहून झालं नव्हतं. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, उठला, आणि अमक्या-तमक्यांना दिसला. नवा करार हातात येण्याआधीच लोक या साक्षीवर विश्वास ठेवत होते, तिच्यासाठी मार खात होते. साक्ष आधी, पुस्तक नंतर. तेव्हा सशाचा जबडा कसा हलतो यावर ती साक्ष कधीच टेकलेली नव्हती.

आणि त्याच पत्राच्या सुरुवातीला पौल काय करतो बघा. म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यापैकी कुणाचा बाप्तिस्मा मी केला नाही. पुढे गेल्यावर त्याला आठवतं: हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कुणाचा केला असेल तर माहीत नाही. चुकलेलं खोडलं नाही, तसंच पाठवलं, आणि मंडळीने ते पवित्र म्हणून जपलं. ज्याला स्वतःचे बाप्तिस्मे धड आठवत नाहीत अशा माणसाच्या हातून देवाने काम करून घेतलं. मला हे वाचून धीर येतो.

तेव्हा घरातल्या पोराने यादी आणली तर तिच्यावर हात आपटू नका. यादी घेऊन त्याच्याबरोबर बसा, दोन्हीकडचे उतारे काढा, मोठ्याने वाचा. जुळत नसेल तिथं जुळत नाही म्हणा. सुरुवात पौलापासूनच करा: करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय पहिला, ओव्या 14 ते 16.

नमस्कार.