एअर फ्रायर घ्यायचा का? आधी सकाळी सातचा ओटा बघा

नमस्कार मंडळी! आज एअर फ्रायरबद्दल बोलायचंय, आणि उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच व्हिडिओ बंद केला तरी चालेल. तेल वाचवायला घेणार असाल तर घेऊ नका. पण सकाळच्या गडबडीत तुम्हाला बर्नर कमी पडतो, कढईपाशी उभं राहायला माणूस नसतो, आणि त्यासाठी घेणार असाल, घरात तीन-चार माणसं असतील, तर हो, घ्या, खरंच उपयोगाचा आहे. आता हे असं का ते सांगते.

पहिल्यांदा हा डबा आहे काय ते बघू. नावात फ्रायर आहे पण आत तळलं काहीच जात नाही. वर एक कॉइल असते, तिच्यावर पंखा, आणि तो गरम हवा जोरात खाली टोपलीत फिरवतो. म्हणजे हा छोटासा, जोरदार पंख्याचा ओव्हन आहे, बास. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात हा पहिल्यांदा बाजारात आणला आणि तिकडे तो गाजला तो फ्रेंच फ्राइजसाठी, कारण त्यांच्या घरात तळण म्हणजे मुख्यतः बटाटा, आधी अर्धवट तळून फ्रोझन केलेला. आपल्याकडे तळण म्हटलं की भजी, वडे, पुऱ्या, चकल्या, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आता तेलाचं बोलू. तुमच्या घरात महिन्याला जे तेल लागतं त्यातलं तळणात किती जातं आणि फोडणीत किती जातं, हे कधी बघितलंय का? एक सोपं काम करा, एक महिना तळणाचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा आणि महिन्याच्या शेवटी बघा किती संपलं. ज्या घरात रोज पोळी-भाजी-आमटी होते आणि तळण पंधरा दिवसातून एखाद्या वेळी, तिथे तेल जातंय ते भाजीत, आमटीच्या फोडणीत, पराठ्यावर. आणि भाजीची फोडणी काही एअर फ्रायरमध्ये होत नाही. त्यामुळे सात-आठ हजाराचा डबा आणून तेल कमी होणार नाही, ते पळीतलं तेल कमी केल्यानेच होणार. हां, ज्यांच्याकडे आठवड्यातून तीन-चार दिवस मुलांसाठी काहीतरी तळलं जातं, कटलेट, नगेट्स, समोसे, चिप्स, त्यांचं तेल नक्की वाचेल. पण फ्रोझन नगेट्स एअर फ्रायरमध्ये केले म्हणून ते पौष्टिक होत नाहीत, त्यातलं मीठ आणि मैदा तिथेच असतो, तेवढं लक्षात असू द्या. आणि बटाट्याचं अजून एक, बटाटा १२० अंशांच्या वर गडद तपकिरी होईपर्यंत भाजला की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं, ते कढईत होतं तसं हवेतही होतं. म्हणून फिंगर चिप्स कापल्यावर वीसेक मिनिटं पाण्यात भिजवा, नीट पुसा, आणि सोनेरी झाल्या की काढा, त्यापुढे जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा, सकाळी सातचा ओटा. तुम्ही डोळ्यासमोर आणा. एका बर्नरवर तवा, त्यावर पोळ्या चालू. दुसऱ्यावर कुकर किंवा भाजी. चहा आत्ताच उतरवलाय, तिसरा बर्नर असला तर त्यावर दूध. शाळेची रिक्षा साडेसातला, आणि मुलाला डब्यात छोट्या सुट्टीसाठी काहीतरी वेगळं हवंय, पोळीभाजी नको. आता हे वेगळं काहीतरी करायला बर्नरही नाही आणि हातही नाही. इथे एअर फ्रायर कामाला येतो, कारण त्यात घातलं, काटा फिरवला, की तुम्ही पोळ्या लाटायला मोकळे. तो वेळ झाली की आपोआप बंद होतो, टिंग वाजतो, तेल उडत नाही, लहान मूल ओट्यापाशी आलं तरी कढईइतकी धाकधूक नसते. माझ्या मते ह्या यंत्राची खरी किंमत ही आहे, की दहा-बारा मिनिटं तुम्हाला तिथे उभं राहावं लागत नाही.

उदाहरण देते, कोथिंबीर वडी. रात्री जेवणं झाल्यावर पीठ भिजवून उंडे वाफवून ठेवायचे, थंड झाले की डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी बोटाच्या पेराएवढ्या जाडीच्या वड्या कापायच्या, रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्याने त्या अजिबात फुटत नाहीत, कडा अगदी सुबक येतात. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावायचं, म्हणजे दहा-बारा वड्यांना मिळून दोन छोटे चमचे, आणि तेल लावायचंच, नाही लावलं तर बेसन कोरडं पांढरट राहतं आणि घशाशी अडकतं. १८० अंशावर बारा मिनिटं, सातव्या-आठव्या मिनिटाला टोपली ओढून उलटायच्या. बाहेर आलेली वडी बघा, कडेला तपकिरी, वरचे तीळ छान भाजलेले, कोथिंबिरीची पानं जी बाहेर डोकावतात ती कुरकुरीत झालेली. कढईतल्या वडीसारखी लागते का? नाही. तळलेल्या वडीचं जे खुसखुशीत कवच असतं ते वेगळंच. पण शॅलो फ्राय केलेल्या वडीच्या तोडीस तोड लागते हे मी ठामपणे सांगते. अळूवडीचं पण तसंच, वाफवलेले उंडे असले की काम झालं.

दुसरं म्हणजे शेंगदाणे. कुटासाठी दाणे भाजायला कढईपाशी उभं राहून सतत हलवत बसावं लागतं, आणि जरा लक्ष गेलं की करपतात. इथे १६० अंशावर दहा मिनिटं, मध्ये दोनदा टोपली हलवायची, दाणे आतपर्यंत एकसारखे भाजले जातात आणि सालं चटकन सुटतात. तशीच गोष्ट कालच्या समोशाची नाहीतर वड्याची. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की तो लिबलिबीत होतो कारण आतली वाफ कवचात मुरते, इथे मात्र गरम हवा वरचा ओलावा घालवते, १६० वर चार-पाच मिनिटांत परत कुरकुरीत. भरताचं वांगंही होतं, टोचे मारून तेल लावून २०० वर वीस-पंचवीस मिनिटं, फक्त त्याला धुराचा वास येत नाही, म्हणून शेवटी मिनिटभर थेट गॅसवर धरायचं. पनीर टिक्का, मखाणे, रव्यात घोळवलेली सुरमई, हे सगळं बऱ्यापैकी ते चांगलं. सुरमईला मात्र तेलात हात आखडता घेऊ नका, रवा कोरडाच राहतो नाहीतर.

आणि काय होत नाही? कांदाभजी होत नाही. बटाटेवडा होत नाही. म्हणजे ज्याला पातळ पिठात बुडवून सोडायचंय ते काहीच होत नाही, आणि ह्याचं कारण कळलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. १८० अंशावर तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घातला तर गरम झळ लागल्यासारखं होतं, पण त्याच १८० अंशाच्या तेलाचा एक थेंब हातावर उडाला तर फोड येतो. तापमान तेच, पण तेल कितीतरी पटीने वेगात उष्णता देतं. म्हणून तेलात बेसन पडलं की त्याच क्षणी बाहेरून धरतं, आणि हवेत ते धरायच्या आत जाळीतून खाली ठिबकतं. पुरी फुगते ती आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते म्हणून, हवेत तेवढ्या झटक्यात होत नाही, पुरी नुसती वाळते. भाजणीची चकली त्यात केली तर कडक होते, तळलेली जशी तोंडात विरघळते तशी नाही. दिवाळीचा फराळ ह्यात करायचा विचार असेल तर शंकरपाळ्या ठीक होतात, त्या नानकटाईच्या अंगाने जातात, बाकी कढईलाच राहू द्या. वर्षातून चार दिवस तळलेली चकली खाल्ली तर काही बिघडत नाही, रोजच्या खाण्याकडे बघा. पापड भाजला जातो पण हलका असल्याने पंख्याच्या वाऱ्याने उडून वर कॉइलला चिकटू शकतो, त्यावर छोटी स्टीलची जाळी ठेवायची. कढीपत्ता, किसलेलं खोबरं, असलं हलकं काही सुटं घालू नका.

साबुदाणा वडा बरेच जण विचारतात. होतो, तेल लावून होतो, पण मनापासून सांगू का, त्यासाठी तुमचं आप्पेपात्र जास्त चांगलं आहे. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण ठेवून दोन्ही बाजू, आणि आतून मऊ राहतो. आप्पेपात्र बहुतेकांकडे असतंच.

आता माणसं किती, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि दुकानात कुणी विचारत नाही. खोक्यावर चार-साडेचार लिटर लिहिलेलं असतं, ते वाचून मोठं वाटतं, पण लिटर म्हणजे टोपलीची पूर्ण उंची धरून. आपल्याला एकच थर लावायचा असतो, एकावर एक ठेवलं की हवा फिरत नाही आणि खालच्या वड्या मऊ राहतात. म्हणजे एका वेळी दहा-बारा वड्या. सहा-सात माणसांचं घर, रविवारी सगळ्यांना गरम गरम हवंय, तर तीन-चार घाणे, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे पाऊण तास गेला आणि शेवटच्याला मिळेपर्यंत पहिल्याचं जेवण झालेलं असतं. मोठ्या घराला माझं सांगणं की ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, बघा, पंचवीस-तीस लिटरचा, त्यात अख्खा ट्रे मावतो. तो तापायला दहा-पंधरा मिनिटं घेतो आणि वाऱ्याचा जोर कमी असतो, पण सगळ्यांचं एकदम होतं. आणि घरात कन्व्हेक्शनवाला, म्हणजे पंख्याने गरम हवाही फिरवणारा, मायक्रोवेव्ह आधीच असेल, जो बहुतेक घरी फक्त दूध गरम करायला वापरतात, तर त्याचं कन्व्हेक्शनचं बटण दाबून, उंच स्टँडवर वड्या ठेवून आधी महिनाभर बघा. तिथे जमलं तर पैसे वाचले, आणि महिनाभरात एकदाही बटण दाबलं गेलं नाही तर नवीन डबाही तसाच पडून राहील हे उघड आहे.

विजेचं थोडक्यात. साधारण १५०० वॅटचा धरा, वीस मिनिटांत फार तर अर्धा युनिट, त्यामुळे बिलाची भीती नको. पण त्याला पॉवरचा पॉइंट लागतो, तीन जाड पिनांचा, आणि स्वयंपाकघरात असा पॉइंट बऱ्याचदा एकच असतो. एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात लावू नका, वायर तापते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हा चालत नाही, म्हणजे ज्या गावात सकाळीच लाइट जाते तिथे डब्यासाठी ह्याच्या भरवशावर राहता येणार नाही. आणि मागून गरम हवा बाहेर पडते, तर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, वर लाकडी कपाट टेकलेलं नको. ओट्यावर मिक्सर, वॉटर फिल्टर आणि भांड्यांची जाळी मांडल्यावर एवढी जागा उरते का ते टेप घेऊन मोजा, कारण कपाटात ठेवलेला एअर फ्रायर रोज कुणी काढत नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांचं गणित थोडं वेगळं. तिथे फ्लॅटमध्ये कढई ठेवली की स्मोक अलार्मची धास्ती, तळणीचा वास कोटांमध्ये जाऊन बसतो, आणि फ्रीजरमध्ये समोसे असतातच. त्यांनी डोळे झाकून घ्यावा.

राहिली साफसफाई, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण यंत्र टिकणार की वर्षात भंगारात जाणार ते इथे ठरतं. टोपलीला आतून नॉनस्टिकचा थर असतो. भांडी घासायला ताई येत असतील तर त्यांना तुम्ही स्वतः, हातात टोपली देऊन, सांगा की ह्याला तारेची घासणी लावायची नाही, मऊ स्पंज आणि साबण. नुसतं सिंकमध्ये ठेवून गेलात तर त्या इतर भांड्यांसारखीच घासणार, त्यात त्यांची काही चूक नाही. थर एकदा निघायला लागला की वड्या चिकटतात, ओढून काढाव्या लागतात, मग अजून निघतो. गरम टोपलीवर लगेच गार पाणी ओतू नका. बाजारात दाबाच्या कॅनमध्ये मिळणारे तेलाचे स्प्रे त्यावर मारू नका, त्यातला चिकट अंश थरावर बसतो आणि घासूनही जात नाही, आपलं रोजचं तेल आणि ब्रश पुरे. कागदाची लायनर येतात ती सोयीची वाटतात पण खालून हवा अडवतात, मग कुरकुरीतपणा जातो, मासे किंवा मॅरिनेट केलेलं चिकन असेल तेव्हाच वापरा. आणि वरची कॉइल, तिच्याकडे कुणी बघतच नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर, यंत्र आडवं करून ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर तिथे उडालेलं तेल प्रत्येक वेळी जळतं आणि सगळ्याला खवट वास लागतो.

दुकानात गेलात की काय कराल? डिजिटल आहे की काट्याचा, आठ प्रोग्राम की बारा, ह्यात पडू नका, तापमान आणि वेळ दोन बटणांत सगळं होतं. टोपली बाहेर काढायला लावा. तुमच्या घरातली छोटी थाळी तिच्यात मावेल का, डोळ्यांनी अंदाज घ्या. मग तळाची जाळी उचलून बघा, ती सुटी निघाली पाहिजे, कारण बेसन आणि मसाला अडकतो तो तिच्या खालच्या बाजूला, आणि ती निघत नसेल तर तिथे स्पंज पोचत नाही. नुसती टोपली आणि जाळी नंतर वेगळी विकत मिळते का, किती रुपयांना, तेही तिथेच विचारून घ्या. मिळत नाही म्हणाले तर दुसरं मॉडेल बघा.