कोंबडीची धाप आणि अंड्याचं कवच

नमस्कार, श्रोतेहो.

कोंबडी गावठी खरी, पण गाव कुठलं यावर तिची वाढ आणि तिचं अंडं ठरतं. पाटण-जावळीचा पाऊस वेगळा, माण-आटपाडीचं ऊन वेगळं.

माणमधल्या एका वस्तीवरची गोष्ट ऐका. चैत्र सरत आलेला. पत्र्याचं खुराडं, त्यात बारा कोंबड्या. सकाळी मावशींनी अंडं उचललं की बोटाच्या दाबानंच खचायचं. एक तर नुसत्या पापुद्र्यात आलेलं, हातात लिबलिबणारं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं शिंपले कमी पडतायत. मावशींनी शिंपल्यांचा चुरा दुप्पट केला. आठवडा गेला, फरक शून्य. मग एक दिवस त्या भर दुपारी खुराड्याशी जाऊन बसल्या. बघतात तर सगळ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडून धापा टाकतायत. पाण्याचं परळ उन्हात, पाणी इतकं तापलेलं की एकीनंही चोच बुडवलेली नाही.

मावशींनी पत्र्यावर वीतभर जाड बाजरीचं सरमाड अंथरलं आणि दुपारी त्यावर पाणी मारायला लागल्या. परळ लिंबाखाली नेलं, पाणी दुपारी बदललं. दाणा पहाटे आणि ऊन कलल्यावर, शिंपले फक्त संध्याकाळी. पंधरवड्यात अंडी टणक झाली.

असं का? कोंबडीला घाम येत नाही, ती धापेतून उष्णता टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. शिंपल्यातून कॅल्शियम मिळेल, पण कार्बोनेट कमी पडलं तर कवच जमणार कसं? पुन्हा सांगतो, आधी धाप थांबवा, मग शिंपले. कवच बनायला २० तासांच्या आसपास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, म्हणून शिंपले संध्याकाळी.

कवचाचा रंग मात्र जातीवर, बलकाचा रंग खाण्यावर. घोळ, तांदुळजा, लसूणघास, पिवळा मका पोटात गेला की बलक केशरी होतो. तपकिरी अंडं म्हणजे गावठीच, असं सांगून चढा दर लावतात त्याचा मला फार राग येतो. संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी घालतात. फसते ती आपली गिऱ्हाईक बाई.

आता कोयनेकडचं. तिथं पावसाळ्यात पिलं खुरटतात ती ओलीनं. पिलांखाली अंथरलेलं तूस मुठीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ते बदला, नाहीतर रक्ती हगवण ठरलेली. पहिल्या आठवड्यात पिलांना दिव्याची ऊब ३५ अंश, पुढं दर आठवड्याला ३ अंश कमी. पिलं एकमेकांवर चढली तर ऊब अपुरी, दिव्यापासून लांब पळाली तर जास्त. आणि बुरशी धरलेला मका धुऊन-वाळवून घालू नका. बुरशीचं विष धुतल्यानं जात नाही.