सनद मिळालेल्या लेकीची पाटी

(दृश्य: सुताराचं दुकान. पाटावर सागवानी फळी, शेजारी रंधा, पटाश्या आणि मोगरी.)

एलएलबीची पदवी हातात आली तरी नावाआधी ‘ॲड.’ लावायला सनद लागते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेकीची नोंदणी झाली आणि वडील पाटी सांगायला आले.

पाटीवर लिहायचं तरी किती? वकिलाची पाटी वाजवी आकाराची असावी, अमुक प्रकारच्या दाव्यांत तज्ज्ञ असा उल्लेख त्यावर नसावा, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. उरतं फक्त नाव. मला हे फार योग्य वाटतं. पहिल्या पाटीवर पोरीचं नाव ठसठशीत दिसावं, बाकी काही नको.

फळी जुन्या वाड्याच्या तुळईतून काढलेली आहे, मुरलेली, सहसा न वाकणारी. नाव लिहिलेला कागद तिच्यावर खळीने चिकटवला आहे.

(दृश्य: पटाशीचं टोक, अगदी जवळून.)

शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर, म्हणजे त्याच्या तंतूंच्या दिशेने जाते. काम सोपं दिसतं, पण पटाशी रेषा धरून भलतीकडे पळू शकते, म्हणून आधी मधोमध सुरीचा काप. मग दोन्ही बाजूंनी तिरकी पटाशी चालवली, की आत निमुळती खाच उतरते. काना रेषेला आडवा. त्याच्या टोकाशी आधी काप दिला नाही, तर ढलपी उडालीच.

खरी परीक्षा ‘ठ’ची. गोलाच्या दर पावभागात पटाशीची दिशा बदलावी लागते; उलट्या रेषेत लाकूड उचकटतं. इथे मोगरी बाजूला ठेवतात, नुसता तळहाताचा दाब. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते. त्यामुळे पटाशी पुन्हा पुन्हा दगडावर. अनुस्वारासाठी बारीक गोल पटाशी उभी धरून गर्रकन फिरवली, की टिंब तयार.

सुरुवातीची वर्षं ती सीनिअरच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून जाईल, तेव्हा पाटी लागणार घराच्या दाराशी. तिथे पावसाचे शिंतोडे येतात. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं खरं, पण पाण्याने पांढरं पडतं. म्हणून अळशीच्या तेलाचे पातळ हात दिले आहेत. पावसाळ्यात फळी रुंदीत, म्हणजे इथे वर-खाली फुगते, म्हणून खालच्या स्क्रूची भोकं उभी, लांबट पाडली आहेत. वरचे स्क्रू घट्ट, खालचे जरा सैल.