खुरप्याचं पाणी

खरीप तोंडावर आला की लोहाराच्या भात्याला उसंत नसते. परभणीकडच्या या गावात कुळवाच्या पासा, विळे, कुऱ्हाडी पाजवायला येऊन पडल्यात. त्या गर्दीत आज आठवीची लेकरंही आहेत. प्रत्येकाला स्वतःचं खुरपं करायचंय.

लोखंड ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. साध्या सळईत कार्बन कमी, तिची धार टिकत नाही. लालभडक पाटा सांडशीनं ऐरणीवर येतो. लोहारकाका हातोडीनं जागा दाखवतात, लेकरू तिथंच घण घालतं. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट. पोरीही घण घालतात; घिसाडी बायांना घण घालताना मराठवाड्यानं कायम पाहिलंय.

खरी परीक्षा पाणी देताना, म्हणजे धारेला हवा तेवढा कडकपणा आणताना. तापलेली धार पाण्यात बुडवली की कडक होते, पण तेवढीच ठिसूळ. दगडाला लागली की टवका उडालाच. म्हणून ती घासून चकचकीत करायची आणि पुन्हा सावकाश तापवायची. आता नीट बघा. पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण 220 अंशांना, निळा 300 च्या आसपास. खुरप्याला तपकिरी-जांभळ्याच्या मधे थांबायचं. "घड्याळाकडं नको, रंगाकडं बघ," काका सांगतात. क्षणभर नजर हलली की पाणी उतरतं, धार मऊ पडते आणि सगळं पहिल्यापासून.

हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत धरला होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावं, असं म्हटलंय. ते दहा दिवस नुसते बघण्यात जाऊ नयेत. लेकरांना हत्यार घडवू द्या, मग ते वापरूही द्या. आपल्या हातानं धार केलेलं लेकरू बोथट खुरपं फेकून देत नाही, पाजवून घेतं. आणि बलुतेदारीत लोहाराच्याच घरात अडकलेली ही विद्या इथं सगळ्या घरांतली लेकरं घेताहेत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

मूठ बाभळीची, ज्याच्या त्याच्या तळहाताच्या मापाची. एकीची मूठ ठोकताना चिरली. तिनं नवी तासलीय. आता खुरप्याची मागची शेपटी लाल करून ती लाकडात भोक जाळून घेतेय. पात्याला मात्र तिनं आधीच ओलं फडकं गुंडाळलंय, धारेचं पाणी उतरू नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.