आधी खोली बघा, मग टीव्ही

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून टीव्हीचं कौतुक करायचं म्हणजे सवतीनं सवतीची ओटी भरण्यातला प्रकार. पण दसरा-दिवाळी आली की ‘कुठला घेऊ?’ हा प्रश्न मलाही चुकत नाही.

दुकानात वीसेक टीव्ही एकदम चालू असतात. पोपट, फुलं, मधाची धार, सगळं डोळे दिपवणारं. तिथं टीव्ही मुद्दाम भडक मोडवर ठेवतात. विक्रेत्याला सांगा, साधा मोड लावा आणि बातम्या दाखवा. माणसाच्या चेहऱ्याचा रंग बिघडला तर आपल्याला लगेच कळतो. पोपटाचा कळत नाही.

आता नावांचा घोळ. एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही मुळात एलसीडीच. मागे एलईडी दिवे, पुढे प्रकाश अडवणाऱ्या असंख्य बारीक झडपा. झडप बंद केली तरी थोडा उजेड झिरपतो, म्हणून काळा रंग करडा दिसतो. क्यूएलईडीही त्याच घरातला, फक्त क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या थरामुळे रंग जास्त खुलतात. नावात एकाच अक्षराचा फरक, पण ओएलईडी खरंच वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा म्हणजे काळाच. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यानं तोच घ्यावा, खिसा परवानगी देत असेल तर.

पण तुमच्याकडे सकाळपासून एकच बातम्यांचं चॅनल चालू असतं का? कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच पट्टी? मग ओएलईडीवर कालांतराने त्यांचा डाग उमटू शकतो. कंपन्या उपाय करतात, तरी अशा घरात मी एलईडीच घेईन. हॉलमध्ये गॅलरीचं ऊन येत असेल तर नक्कीच.

आणखी एक. आजी कोपऱ्यातल्या दिवाणावर, मुलं खाली सतरंजीवर. समोर नीट बसतं कोण? एलईडी टीव्हीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेल बाजूनं फिकं दिसतं. आयपीएस तसं फिकं पडत नाही, पण त्याचा काळा रंग कच्चा. दुकानात चार पावलं बाजूला सरकून बघा, विक्रेता हसला तरी.

राहिला आकार. 55 इंची टीव्ही साधारण 122 सेंटिमीटर रुंद आणि 69 उंच असतो. फोरके, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचं, बारीक चित्र सातेक फुटांवरून छान दिसतं. एसडी, म्हणजे कमी ठिपक्यांचं साधं चॅनल मात्र तेवढ्या पडद्यावर पसरट, धूसर. जुनी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद भिंतीवर चिकटवा. दोन दिवस राहू द्या. घरातले कुरकुरले, तर 43 इंची बघा.