29 फेब्रुवारी 1900

एक्सेल उघडा. कुठल्याही सेलमध्ये 60 टाका आणि फॉरमॅट बदलून तारीख करा. 29 फेब्रुवारी 1900 आलं ना? आता गंमत अशी की हा दिवस कधी उगवलाच नव्हता, 1900 हे लीप वर्षच नव्हतं. जगभरच्या ऑफिसांत रोज उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटा दिवस बसलाय आणि बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असूनही ते त्याला हात लावत नाहीत.

ही चूक मूळची एक्सेलची नाहीच, ती लोटस 1-2-3 ची. 1983 साली आयबीएम पीसीसाठी ही स्प्रेडशीट आली आणि मग हिशेबवाली मंडळी पीसी घ्यायची ती हिच्यासाठीच. पुढे मायक्रोसॉफ्टला तीच गिऱ्हाइकं ओढायची होती, पण लोटसची फाइल उघडल्यावर तारखा एका दिवसानं हुकायला लागल्या तर कोण कशाला येईल, म्हणून मग चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली.

आणि लोटसचं काय झालं? ती लिहिलेली असेंब्लीमध्ये, म्हणजे थेट मशीनच्या जवळच्या भाषेत, स्क्रीनवर आकडे उमटवायलाही मधे कुणाला न विचारता थेट मेमरीत घुसायची, म्हणून भन्नाट पळायची. पण मशीनला इतकं चिकटून लिहिलेलं सॉफ्टवेअर मशीन बदलल्यावर उचलून न्यायचं कसं? सी भाषेत पुन्हा लिहिण्यात वेळ गेला, डाव लावला विंडोजऐवजी ओएस/2 या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि 1990 ला विंडोज 3.0 आलं तेव्हा एक्सेल तिथं आधीच जागा धरून बसलेलं. 1995 मध्ये आयबीएमनं लोटस घेतली साधारण साडेतीन अब्ज डॉलरला, तेही मुख्यतः नोट्ससाठी, म्हणजे तिच्या ईमेल आणि ऑफिसातल्या सामायिक कामाच्या सॉफ्टवेअरसाठी.

आता याच्या उलटं उदाहरण, एसएपी, कंपन्यांचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. 1972, जर्मनी. आयबीएममधून बाहेर पडलेले पाच जण, पहिलं गिऱ्हाईक आयसीआय या रसायन कंपनीचा नायलॉनचा कारखाना, आणि स्वतःचा कॉम्प्युटर नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाच्याच मशीनवर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम. पंचकार्डाचे गठ्ठे जमवून रात्री एकदम चालवायचे ही तेव्हाची रीत, यांचं म्हणणं की व्यवहार झाला की तिथल्या तिथं नोंद व्हावी. रिअलटाइम. एसएपीच्या आर/2 आणि आर/3 या सॉफ्टवेअरच्या नावांतला आर तो हाच.

आर/2 मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर चालायचं. 1992 ला आर/3 आलं आणि सगळं क्लायंट-सर्व्हरवर गेलं, डेटाबेस एकीकडे, प्रोग्राम दुसरीकडे, माणसासमोर पीसी. यांची मेख होती अबॅप, ही त्यांची स्वतःची भाषा, खाली मशीन कुठलं, डेटाबेस कुणाचा, याच्याशी वर लिहिलेल्या हिशेबाला फारसं देणंघेणं नाही. लोटसला जे जमलं नाही ते इथं जमलं. आणि एसएपीच्या आतली टेबलं बघा, एका कॉलमचं नाव केयूएनएनआर, म्हणजे कुंडेननुमर, ग्राहकाचा नंबर. कंपनी जगभर पसरली तरी आतली नावं जर्मनच राहिली, कारण ती बदलायची तर लाखो प्रोग्राम मोडतील.

मधेच 1999 ला सेल्सफोर्स आली आणि म्हणाली सॉफ्टवेअर विकत घेऊच नका, ब्राउझरमध्ये भाड्यानं वापरा. इथं खरा धक्का पैशाचा होता. जुना धंदा म्हणजे एकदाच मोठं लायसन्स आणि मग दरवर्षी त्याच्या साधारण 20 टक्के मेंटेनन्स, काय छान झोप लागत असेल! डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकलचे संस्थापक लॅरी एलिसन यांनी 2008 मध्ये क्लाउड, म्हणजे अशा इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, या शब्दाची भर सभेत टर उडवली, आणि 2016 ला ओरॅकलनंच नेटस्वीट ही क्लाउड कंपनी 9.3 अब्ज डॉलरला घेतली, जिच्या सुरुवातीला पैसे एलिसन यांचेच होते.

एसएपीनं 2015 ला एस/4हाना हे नवं सॉफ्टवेअर आणलं, फक्त स्वतःच्या हाना डेटाबेसवर चालणारं. आधी बऱ्याच गिऱ्हाइकांकडे खाली डेटाबेस ओरॅकलचा असायचा, म्हणजे स्पर्धकाचा. एस/4हानामध्ये हिशेबाची बरीच जुनी टेबलं उडवली. पण जुना प्रोग्राम बीएसआयएस हे टेबल मागायला आला तर त्याला ते मिळतं, फक्त आता ते टेबल नसून व्ह्यू, म्हणजे टेबलासारखं नुसतं दिसणारं रूप आहे, मागनं डेटा नव्या जागेहून येतो. पाटी जुनीच ठेवली, आतलं घर नवं बांधलं.

तरी गिऱ्हाइकं हलत नाहीत. ईसीसी, म्हणजे एस/4हानाच्या आधीचं एसएपीचं सॉफ्टवेअर, त्याचा नेहमीचा मेंटेनन्स 2025 ला संपणार होता, तो 2027 पर्यंत ढकलला, वर जादा पैसे मोजले तर 2030. का हलत नाहीत, तर झेड प्रोग्राम. गिऱ्हाइकानं स्वतः लिहून घेतलेल्या प्रोग्रामचं नाव झेड किंवा वायनं सुरू होतं, आणि वीस वर्षं चाललेल्या सिस्टिममध्ये असे हजारोंनी साठतात, त्यातला एखादा दर महिन्याच्या शेवटी रात्री आपोआप चालतो, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, रिपोर्ट कोण वाचतं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि नव्या सिस्टिमवर जाण्याच्या, मायग्रेशनच्या, मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, राहू दे, घेऊन जाऊ बरोबर.