पडतापडता बोलणारं यान

पत्रिकेत विषय छापलाय 'दूरच्या ग्रहांवर यानं पाठवून काय मिळतं?' त्याकडे येतोच. आधी एक तक्रार. यान उतरलं की आपण पेढे वाटतो, आपटलं की 'पैसे पाण्यात' म्हणून मोकळे होतो. आपटताना ते काय सांगत होतं, हे कुणी विचारत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं ५७७ किलोचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, ती रेडिओ दुर्बीण त्या दिवशी त्याच्यावर रोखलेली होती. अंतर साधारण साडेसतरा कोटी किलोमीटर, यानाचा ट्रान्समीटर मोजक्या वॅटचा. खोडदला त्यातला मजकूर वाचता येत नव्हता, मजकूर जिच्यावर स्वार होऊन येतो ती नुसती वाहक लहर दिसत होती. पण तेवढ्यावरही बरंच कळतं. यानाचा वेग बदलला की डॉप्लरमुळे लहरीची वारंवारता सरकते, आणि पॅराशूट उघडल्याचं पडद्यावरच्या रेघेत दिसतं. उतरण्याच्या वेळेच्या किंचित आधी ती रेघ तुटली. सविस्तर नोंदी मात्र त्याच मोहिमेतल्या, मंगळाभोवती पोचलेल्या दुसऱ्या यानाने टिपल्या होत्या.

त्यातून काय निघालं पाहा. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण मापाच्या टोकाला जाऊन अडकलं, जेमतेम सेकंदभर. संगणकाने तोच वेग खरा धरून कोन मोजला आणि ठरवलं की आपण उलटे झालोय. रडार अंतर बरोबर सांगत होतं. पण उंची काढायला त्या अंतराला यान किती कललंय त्या कोनाच्या कोज्याने (cosine) गुणतात, आणि कोन नव्वद अंशांच्या पुढे गेला की कोज्या ऋण. (अकरावी विसरला असाल तर शेजारच्याला विचारा. तोही विसरला असेल.) म्हणजे उंची ऋण, म्हणजे यान जमिनीखाली! मग पॅराशूट कशाला हवं? दिलं सोडून. इंजिनं तीस सेकंद चालायची ती तीन सेकंदांत बंद. खरी उंची होती ३.७ किलोमीटर. ताशी ५४० किलोमीटरने आदळलं.

आता याच्या शेजारी १९९९चं अमेरिकेचं मार्स पोलर लँडर ठेवा. उतरताना संदेश पाठवायची सोयच त्यात ठेवली नव्हती. पाय उघडतानाचा झटका संगणकाला जमीन लागल्यासारखा वाटला आणि चाळीसेक मीटरवर इंजिनं बंद पडली, असा चौकशी समितीचा कयास. कयासच, कारण नोंद नाही. माझ्या मते खरे पैसे बुडाले ते इथे. शियापरेलीची चूक ओळीनिशी सापडली, ती पुढच्या यानात दुरुस्त करता येते.

संयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा छापलेला विषय पळतापळता. १९७०मध्ये व्हेनेरा-७ शुक्रावर उतरलं आणि तिथलं तापमान कळलं, सुमारे ४७५ अंश. कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई ग्रहाचं काय करते, हे प्रयोगशाळेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहता येत नाही. १९७९मध्ये व्हॉयेजरला गुरूच्या आयो चंद्रावर जिवंत ज्वालामुखी दिसले, एवढ्याशा चंद्राला आतून तापवते गुरूची भरती-ओहोटी. आणि मंगळ: मेव्हेन यानाने तिथल्या अरगॉनच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण मोजलं. हलके अणू जास्त सहज निसटतात, म्हणून त्या प्रमाणावरून किती गेलं ते कळतं. अरगॉन कशाशी संयोग पावत नाही, दगडात मुरत नाही, त्यामुळे घटला तो अवकाशातच गेला. हिशेब निघाला की मंगळाच्या हवेत आलेल्या अरगॉनपैकी सुमारे ६५ टक्के असा उडून गेला. तिथलं पाणी कुठे गेलं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. उरलेलं निम्मं चहाच्या वेळी विचारा.